बाथरूमसाठी कमी आवाजाचा एक्झॉस्ट फॅन कसा निवडावा आणि कसा बसवावा?

प्रश्न

आमच्या झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बदलायचा आहे. बाथरूम ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि फॉल्स सीलिंगपर्यंत ८ फूट उंच आहे. सीलिंगच्या वर दीड फुटाची पोकळी आहे. बाथरूमची एकही भिंत घराबाहेर उघडत नाही, त्यामुळे सीलिंगमध्ये बसवलेल्या पंख्याला ४ इंची फ्लेक्झिबल पाइप जोडून तो सुमारे ३ मीटर अंतरावरच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत नेलेला आहे. पंखा साधा, प्लॅस्टिकच्या पात्यांचा आहे. तो सुरू केला की पलीकडे झोपलेल्याची झोपमोड होते, म्हणून पहाटे आंघोळीला जाणारे घरातले सगळेच जण तो बंद ठेवतात. परिणामी आरशावरची वाफ बराच वेळ उतरत नाही आणि छताच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरू लागली आहे. ती पुसून काढली तरी पुन्हा येते.

माहितीपत्रकांवरचे आकडे पाहून गोंधळ वाढला आहे. कुठे २५ डेसिबल लिहिलेले असते, कुठे ३५, तर कुठे डेसिबलऐवजी ‘सोन’ हे एकक असते. या आकड्यांची तुलना कशी करावी, आमच्या बाथरूमला किती क्षमतेचा पंखा लागेल, आणि नवा पंखा घेतल्यावर आवाज खरोखरच कमी होईल ना, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आधी क्षमतेचे पाहू. बाथरूममधली हवा तासाला साधारण ८ वेळा बदलली जावी, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. तुमच्या बाथरूमचे घनफळ ३२० घनफूट आहे. त्याची ८ पट म्हणजे तासाला २५६० घनफूट, अर्थात मिनिटाला सुमारे ४३ घनफूट. यालाच सीएफएम म्हणतात. लहान बाथरूमसाठीही ५० सीएफएमच्या खाली जाऊ नये, असा संकेत आहे, तेव्हा तुमची गरज ५० सीएफएम, म्हणजे ताशी ८५ घनमीटर इतकी धरा. मात्र ही हवा प्रत्यक्षात भिंतीबाहेर पडली पाहिजे, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा पंख्याला काहीही न जोडता, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. पाइप, वळणे, जाळी आणि बाहेरची झडप हे सगळे हवेला विरोध करतात, आणि तो विरोध पास्कलमध्ये मोजला जातो. चांगले उत्पादक दाब आणि प्रवाह यांचा आलेख देतात. त्यात २५ पास्कलला आणि ६० पास्कलला पंखा किती हवा देतो, ते पाहा. ज्या पंख्याचा असा आलेख मिळतच नाही, तो ३ मीटर पाइपावर लावण्यासाठी मी तरी घेणार नाही.

तुमचा सध्याचा पंखा अक्षीय, म्हणजे ॲक्सियल प्रकारचा दिसतो. भिंतीतल्या भोकातून हवा थेट बाहेर टाकायला तो उत्तम असतो, पण लांब पाइपातून हवा ढकलण्याइतका दाब त्याला निर्माण करता येत नाही. तो गरगर फिरतो, आवाज करतो आणि हवा मात्र जेमतेम हलवतो. पाइप असेल तिथे सेंट्रिफ्युगल, म्हणजे ब्लोअरच्या जातीचा, किंवा मिक्स्ड-फ्लो, म्हणजे या दोन्ही प्रकारांचा मेळ असलेला, पंखा घ्यावा.

आता आवाजाविषयी. डेसिबलचा आकडा किती अंतरावर मोजला, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मोकळ्या जागेत ३ मीटरवर मोजलेला आकडा १ मीटरवर मोजलेल्या आकड्यापेक्षा सुमारे साडेनऊ डेसिबलने कमी येतो, म्हणजे ३ मीटरवरचे २५ डेसिबल आणि १ मीटरवरचे ३५ डेसिबल हे जवळजवळ सारखेच आवाजी पंखे असू शकतात. शिवाय डेसिबलमध्ये १० ची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी जाणवते, हेही लक्षात असू द्यावे. सोन हे एकक त्या मानाने सोपे आहे, कारण ते कानाला जाणवणाऱ्या मोठेपणावरच बेतलेले आहे. १००० हर्ट्झचा, ४० डेसिबलचा स्वर म्हणजे १ सोन. २ सोन त्याच्या दुप्पट मोठा वाटतो. झोपण्याच्या खोलीजवळ १ सोन किंवा त्याखालचा पंखा शोधावा.

प्रतिसाद २

वरचा हिशोब पटण्यासारखाच आहे, पण नवा पंखा घेतला की काम झाले, असा समज होऊ नये, म्हणून लिहितो. मी ही जोडणीची कामे करतो, आणि माझे मत असे आहे की पाइप आणि टांगणी सुधारल्याशिवाय आणलेला महागातला पंखाही काही दिवसांत जुन्यासारखाच वाटू लागतो.

साधे गणित करून पाहा. ताशी ८५ घनमीटर हवा १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून नेली तर तिचा वेग सेकंदाला ३ मीटर होतो; तीच हवा १५० मिलिमीटर पाइपातून नेली तर वेग १.३ मीटरवर येतो. हवेची सळसळ वेगाबरोबर फार झपाट्याने वाढते, आणि घर्षणाचा विरोधही तसाच. म्हणून तुमचा ४ इंची पाइप काढून शक्य असेल तर ६ इंची, आतून गुळगुळीत पाइप घाला. जिथे वळण टाळता येत नाही, तिथे एका काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन एल्बो वापरा, आणि पंख्याच्या तोंडाशी लगेच वळण देऊ नका. हात-दीड हात पाइप सरळ जाऊ द्या, नाहीतर हवा गोंधळून पात्यांपाशीच घरघर सुरू होते.

फ्लेक्झिबल पाइपाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक ठिकाणी खरा बिघाड तिथेच सापडतो. हा पाइप दाबलेल्या अवस्थेत येतो आणि बसवणारा माणूस तो पूर्ण न ताणताच जोडून मोकळा होतो. ३ मीटर अंतरासाठी ५ मीटर पाइप पोकळीत वेटोळे घालून पडलेला मी पाहिला आहे. आतल्या तारेच्या कड्यांमुळे पाइपाच्या भिंतीला सुरकुत्या पडतात, प्रत्येक सुरकुतीवर हवा अडखळते, आणि मध्ये जिथे झोळ पडलेला असतो तिथे वाफेचे पाणी साठते. हे पाणी पाइपाची वाट अर्धी बुजवते आणि पंखा सुरू झाला की त्यातून बुडबुड असा आवाजही येतो. पाइप नेहमी बाहेरच्या दिशेने उतरता असावा; मीटरमागे १ सेंटिमीटर उतार पुरेसा होतो.

दुसरा भाग थरथरीचा. पंख्याची चौकट सीलिंगच्या पत्र्याला किंवा बोर्डाला थेट स्क्रूने आवळली, की पूर्ण सीलिंग तबल्याच्या पुडीसारखे वाजू लागते. तुमच्याकडे दीड फुटाची पोकळी आहे, तेव्हा पाइपाच्या मधोमध बसणारा इनलाइन पंखा घ्या आणि तो स्लॅबमध्ये हुक ठोकून रबरी पट्ट्यांवर किंवा रबरी बुशांवर टांगा. पंखा बाहेरच्या भिंतीजवळ ठेवा, म्हणजे बाथरूमच्या जाळीपासून तो लांब जाईल. झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नका. पंख्याच्या दोन्ही तोंडांना वीतभर मऊ जोड देऊन मग कडक पाइप सुरू करा, आणि सांधे चिकटपट्टीने नीट बंद करा, कारण फटीतून हवा शिटीसारखी वाजते. पंख्याखाली सीलिंगमध्ये उघडता येणारी झडप ठेवायला विसरू नका. पात्यांवर धूळ आणि ओल यांचा थर बसला की तोल जातो आणि थरथर परत येते, तेव्हा साफसफाईसाठी हात पोहोचायलाच हवा.

बेअरिंगबाबत विचारून घ्या. साधे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती साधी नळी, असलेली मोटर छताला आडवी टांगली, म्हणजे तिचा दांडा उभा राहिला, की बुश लवकर झिजतो. बॉल बेअरिंगची मोटर कोणत्याही स्थितीत चालते.

प्रतिसाद ३

मला दोन गोष्टी मांडाव्याशा वाटतात. पैकी पहिली थोडी वेगळ्या मताची आहे. पंखा गरजेइतकाच घ्यावा, हा सल्ला कमी आवाजासाठी योग्य असेलच असे नाही. गरजेपेक्षा थोडा मोठा पंखा घेऊन तो कमी वेगाने चालवणे अधिक श्रेयस्कर असते. पंख्याचा वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला तर हवाही तेवढीच घटते, पण आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो आणि विजेचा वापर जवळजवळ निम्म्यावर येतो. यासाठी वेग कमी-जास्त करण्याची सोय पंख्यातच असलेली ईसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची, मोटर निवडावी. छताच्या पंख्याचा साधा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावून काम भागवू नये, कारण तो विजेची लाट मध्येच कापतो आणि त्यामुळे मोटर गुणगुणू लागते. वाऱ्याचा आवाज कमी झाला म्हणून हा नवा आवाज उलट अधिक ठळकपणे ऐकू येतो.

दुसरी गोष्ट हवा आत येण्याची. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी कुठून तरी आत आलीच पाहिजे. ७५ सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली १ सेंटिमीटर फट असेल, तर हवेला ७५ चौरस सेंटिमीटर वाट मिळते. हे क्षेत्रफळ ४ इंची पाइपाच्या तोंडाएवढे आहे. तुम्ही ६ इंची पाइप घालणार असाल तर फट २ सेंटिमीटरच्या आसपास हवी. दार उंबऱ्याला घट्ट टेकत असेल, तर खालच्या बाजूस जाळी बसवून घ्यावी. बाथरूममधली हवा ओढणारी जाळी दारापासून दूर, शॉवरच्या बाजूला असावी, म्हणजे ताजी हवा पूर्ण खोली ओलांडून जाते. ती दाराच्या वरच बसवली तर हवा आल्या वाटेने निघून जाते आणि कोपऱ्यातली वाफ जागेवरच राहते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सीलिंगचा एक चौकोन काढून वर पाहिले, तर दुसऱ्या प्रतिसादात वर्णन केल्याप्रमाणेच पाइपाला मध्ये मोठा झोळ आहे आणि हाताने उचलल्यावर त्यात पाणी हलल्याचा आवाज आला. बाहेरच्या भिंतीवरची प्लॅस्टिकची झडप अर्धवट उघडून अडकलेली आहे. ६ इंची पाइपासाठी पोकळीत जागा पुरेशी आहे, त्यामुळे इनलाइन पंख्याचा पर्याय पक्का करत आहे. आणखी एक विचारायचे होते. बाथरूमच्या पलीकडच्या धुण्याच्या जागेत गॅस गिझर आहे आणि त्या जागेची खिडकी थंडीत बंद असते. नव्या पंख्याचा त्याच्याशी काही संबंध येतो का?

प्रतिसाद २

संबंध येतो, आणि हा विषय आवाजापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे. तुमचा गिझर खोलीतलीच हवा घेऊन जळणारा असेल, तर बंद घरात चालणारा जोरदार एक्झॉस्ट फॅन त्याचा धूर बाहेर जाऊ न देता उलटा आत ओढू शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणसाला काही कळण्याआधीच तो बेशुद्ध करतो. पंखा बसवण्याआधी गिझर उघड्या हवेत हलवून घ्या, किंवा जो बंद नळीने हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो असा गिझर घ्या. तोपर्यंत गिझर चालू असताना ती खिडकी उघडी राहील, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. हे काम पुढे ढकलू नका.

विजेच्या जोडणीविषयीही इथेच लिहितो. न्हाण्याच्या जागेवर २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात विशेष काळजीचा मानला आहे. तुमचे सीलिंग त्याहून वर आहे आणि पंखा तर बाथरूमबाहेरच जातो आहे, तरीही आयपीएक्स४ दर्जाचा, म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित असलेला पंखाच घ्यावा, कारण पाइपातून ओली हवाच जाणार आहे. पंख्याच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा, अर्थिंग तपासलेले असावे, आणि ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

प्रतिसाद १

अडकलेल्या झडपेबद्दल राहून गेले. हलक्या प्लॅस्टिकची पट्टेरी झडप पंखा बंद असतानाही वाऱ्याने फटफट वाजते, आणि रात्रीच्या शांततेत तो आवाज पंख्याहून जास्त त्रास देतो. त्याऐवजी पाइपाच्या आत, पंख्याजवळ बसणारी, काठाला रबर किंवा फोम असलेली स्प्रिंगची झडप घ्या, आणि बाहेर फक्त पावसाचे पाणी अडवणारी तिरकी जाळी ठेवा. जाळीची भोके फार बारीक नकोत. ती कापसासारख्या धुळीने भरतात आणि पंख्यावरचा विरोध पुन्हा वाढतो.

पंख्याला वेळ लावण्याची सोय अवश्य करून घ्या. आंघोळ संपल्यावरही भिंती आणि फरशी ओल्याच असतात, त्यामुळे पंखा पुढे १५ ते २० मिनिटे चालावा लागतो, आणि एवढा वेळ कोणी आठवणीने थांबत नाही. टायमर किंवा दमटपणा ओळखणारा सेन्सर असला की घरातल्यांवर काही अवलंबून राहत नाही. कोपऱ्यातली बुरशी आधी नीट घासून काढा आणि भिंत पूर्ण कोरडी होऊ द्या. पंखा नवी बुरशी येऊ देणार नाही, पण जुनी काढणार नाही.

सीलिंग बंद करण्याच्या आधी एक चाचणी करा. बाथरूमचे दार लावून पंखा सुरू करा आणि टिश्यू पेपरचा एक पदर जाळीपाशी धरा. तो जाळीला ओढला जाऊन तिथेच चिकटून राहिला, तर हवा ओढली जात आहे. मग दार उघडून पाहा. दार उघडल्यावर ओढ एकदम वाढली, तर दाराखालची फट कमी पडते आहे, असे समजा. त्यानंतर रात्री घर शांत असताना झोपण्याच्या खोलीत पलंगावर पडून ऐका, आणि तिथे काही गुणगुण आली तर पाइपाला ठिकठिकाणी हात लावून थरथर नेमकी कुठे जाणवते ते शोधा. तिथला आधार सैल करून खाली रबराचा तुकडा सरकवणे हे सीलिंग उघडे असताना पाच मिनिटांचे काम आहे.