करंगळीला मुंग्या: मान की कोपर?

प्रश्न (फिजिओथेरपी, पुणे): करंगळी-अनामिकेला मुंग्या. सी८ रूट (मानेतून निघणारं नसेचं मूळ) दबलंय की कोपरात अल्नर नर्व्ह (कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नस), हे मशीनशिवाय कसं ओळखायचं?

उत्तर १: अनामिकेवर कापूस फिरव. करंगळीकडची बाजू बधिर आणि मधल्या बोटाकडची शाबूत, तर बहुधा अल्नर. रूट दबलं की बोट सहसा असं मधोमध दुभागत नाही. मग मनगटाच्या वर सरक. फोरआर्मच्या (कोपर ते मनगट) आतल्या, करंगळीकडच्या कडेची संवेदना अल्नरकडे नसतेच, ती शाखा मीडियल कॉर्डमधून (काखेतला नसांचा जुडगा) वरच सुटते. तिथंही बधिर? मानेकडे बघ.

उत्तर २: तर्जनी एकटी ताठ करायला लावा. स्नायू सी८चा, पण रेडियलमार्गे (हातातली दुसरी नस), अल्नरमार्गे नाही. ढिली पडली तर उगाच कोपराला दोष नको.

उत्तर ३: कोपर पूर्ण वाकवून मिनिटभर धरा, मुंग्या वाढतात का बघा; वाढल्या तर संशय कोपरातल्या अल्नरवर. मनगट सरळच हवं, नाहीतर मनगटातली मीडियन नस दबून सगळा घोळ.