मदत हवी आहे: लक्षद्वीपच्या शिवलेल्या होडीचं मॉडेल दुरुस्त करायचंय

नमस्कार मंडळी, माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते, माझगावला राहायचो आम्ही. त्यांच्यासोबत मिनिकॉयचे एक खलाशी होते (त्या बेटावरची माणसं पिढ्यानपिढ्या जहाजांवर काम करतात), त्यांनी बाबांना लाकडी होडीचं मॉडेल दिलेलं, दोनेक फूट लांब. गंमत म्हणजे एकही खिळा नाही, फळ्यांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, तिकडे खऱ्या होड्यासुद्धा पूर्वी अशाच शिवायचे, नारळाची सोडणं खाजणात कुजवून त्याचा काथ्या काढायचे.

आता प्रॉब्लेम असा की शिडाच्या बाजूची शिवण सुटलीये आणि दोरी हातात घेतली की भुगा होतोय. फर्निचरवाला म्हणाला फेविकॉल लावून चार चुका मारून देतो, मी लगेच पिशवीत भरून घरी आणलं 😅

मुंबईत किंवा ठाण्यात असं काम करणारं कोणी माहितीये का? वर्सोवा, वरळी कोळीवाड्यात कोणी जुने होडी बांधणारे असतील तरी चालेल. २०२५ मध्ये नौदलात आलेली आयएनएसव्ही कौंडिण्य ही शिडाची नौका अशीच शिवलेली आहे, गोव्यात बांधली, तर त्या कामातल्या कोणाशी ओळख असेल तर प्लीज सांगा. आणि बारीक काथ्याची दोरी कुठे मिळेल, बाजारात मिळते ती फारच जाड आहे. जुनी दोरी ठेवू की सगळीच बदलू? फोटो कमेंटमध्ये टाकते.