डेव्हिल्स लेक, विस्कॉन्सिन: जाऊन आलेल्यांनी नेमकी माहिती लिहावी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, बाराबू गावाजवळचं हे स्टेट पार्क (राज्य सरकारचं राखीव उद्यान) १९११ सालचं. मधोमध ३६० एकरांचं तळं, बाजूंना ५०० फुटांचे कडे. मॅडिसनहून तासाभरात आणि शिकागोहून तीन-साडेतीन तासांत पोचता येतं. 'छान आहे, नक्की जा' एवढंच नको. कुठून चढावं, काय चुकतं, का चुकतं, ते लिहा. आलेली उत्तरं खाली आहेत, वर लिहिणाऱ्याचं गाव.

मॅडिसनहून

गाडी दक्षिण किनाऱ्यावर लावा. बॅलन्स्ड रॉकची (तोल सावरून उभ्या दगडाची) वाट चढायलाच ठेवा, उतरायला नको. अंतर अर्ध्या मैलाहूनही कमी आहे, पण सगळ्या कमीजास्त उंचीच्या दगडी पायऱ्या. चढताना हात टेकता येतो. उतरताना भार गुडघ्यांवर येतो, शिवाय समोरून येणाऱ्यांना वाट द्यायला सारखं थांबावं लागतं. वर पोचलात की पूर्वेच्या कड्यावरून उत्तरेकडे चाला, उत्तर किनाऱ्यावर उतरा आणि पश्चिम काठाच्या टम्बल्ड रॉक्स वाटेने परत या. ही वाट कोसळलेल्या दगडांच्या राशींतून जाते, पण पायाखाली बरीचशी सपाट आहे. पूर्ण फेरी साधारण ८ किलोमीटर. मुलं बरोबर असतील तर ४ तास धरा, आणि पाणी माणशी दीड लिटर तरी घ्या.

पूर्व काठाने रेल्वेमार्ग जातो. जवळची वाट म्हणून रुळांवरून कृपया चालू नका, तो वापरातला मार्ग आहे.

मिनियापोलिसहून

सह्याद्रीत फिरलेल्यांनी दगडाकडे नीट लक्ष द्यावं. आपला काळा कातळ खरखरीत असतो, बूट धरून ठेवतो. इथला गुलाबी-जांभळा दगड क्वार्टझाइट, म्हणजे १६० कोटी वर्षांहून जुनी वाळू, दाबाने आणि उष्णतेने घट्ट झालेली. कण इतके एकजीव झालेत की दगड फुटतो तो कणांच्या कडेने नाही, कणांच्या आरपार. म्हणून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि ओला झाला की पाय सरकतो. ऑक्टोबरात त्यावर पानं पडतात, तेव्हा तर जास्तच जपावं. पाऊस पडून गेल्यावर कडा चढायला दोन-तीन तास थांबावं. सपाट तळव्यांचे जुने बूट नकोत.

काही शिळांवर बारीक, समांतर वळ्या दिसतात. त्यांवरून बोटं फिरवून पाहाच. उथळ पाण्याने वाळूवर उमटवलेल्या त्या लहरी आहेत, आपल्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर दिसतात तशाच.

मिलवॉकीहून

दोर लावून चढणाऱ्यांसाठी थोडक्यात: कड्यांत बोल्ट (दोर अडकवायचे कायमचे खिळे) ठोकायला बंदी आहे. टॉप रोपचा, म्हणजे वरून सोडलेल्या दोराचा, अँकर (वरचा आधार) फटींत अडकवलेल्या साधनांवर किंवा मजबूत झाडांवर बांधावा लागतो, म्हणून फारसा न ताणला जाणारा लांब दोर वेगळा हवा. जिथे दोर कड्याच्या धारेवर घासतो तिथे जाड कापड घाला.

शिकागोहून, लहान मुलांसह जाणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात आणि पानगळीच्या रंगांच्या दिवसांत शनिवार-रविवारी सकाळी नवाच्या आत पोचा, नंतर वाहनतळ भरतो. गाडीला प्रवेशाचं स्टिकर लागतं आणि बाहेरच्या राज्याच्या नंबरप्लेटला दर जास्त पडतो. किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात, मुलांवर आपणच नजर ठेवायची. उथळ पाण्यात खेळल्यावर कधीकधी अंगावर खाज येऊन पुरळ उठतं. गोगलगायींतून आलेल्या सूक्ष्म अळ्या त्वचेत शिरल्याने ते होतं. बाहेर आल्याबरोबर टॉवेलने खसाखसा पुसलं तर बराच बचाव होतो. अंग वाऱ्यावर वाळवू नका. मे-जूनमध्ये गोचिडी असतात. पँट मोज्यात खोचा आणि रात्री काखा, गुडघ्यामागची बाजू, केसांच्या मुळाशी तपासा.

तळ्यात पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींना बंदी आहे, फक्त विजेची मोटर चालते. त्यामुळे कयाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) नवशिक्यांनाही निवांत चालवता येते.

पुन्हा मॅडिसनहून, तंबूवाल्यांसाठी

क्वार्टझाइट, नॉर्दर्न लाइट्स, आइस एज अशी तीन कॅम्पग्राउंड्स आहेत. आरक्षण ११ महिने आधी उघडतं. शिकागोहून सरपण आणू नका: झाडांना मारणारे किडे आणि रोग लाकडातून पसरतात, म्हणून ते जवळपासचं किंवा प्रमाणित असावं लागतं.

इतिहास बघणाऱ्यांसाठी

हो-चंक या इथल्या मूळ अमेरिकी लोकांसाठी हे पवित्र तळं. 'सैतानाचं' हे नाव मागाहून आलेल्यांनी दिलं. शेवटच्या हिमयुगात हिमनदीने दरीच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे बांध टाकले आणि मध्ये पाणी अडलं. उत्तर किनाऱ्याजवळ प्राण्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे आहेत, दक्षिणेला पंख पसरलेला पक्षी आहे. साधारण हजार वर्षांपूर्वीची ही कामं हो-चंकांच्या पूर्वजांची. गवतात ती सहज ओळखू येत नाहीत आणि लोक चक्क त्यांवर चटई अंथरतात. आधी फलक वाचा, मग बसायची जागा निवडा. उन्हं तिरपी असतात तेव्हा, सकाळी किंवा संध्याकाळी, उंचवट्याची कड सावलीने उठून दिसते.

पायवाटांवरच्या बऱ्याच दगडी पायऱ्या १९३५ ते १९४१ दरम्यान सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी रचल्या. दुपारी पाऊस लागला तर बाराबूत सर्कस वर्ल्ड हे सर्कशीचं संग्रहालय बघा: रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीचा हिवाळी मुक्काम १८८४ ते १९१८ तिथेच असे.