कोकणासाठी छोटी गाडी: आधी उंची पाहावी की एअरबॅग?

गुहागरकर
आमच्या घरापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता जांभ्याचा आहे. पावसाळा सरला की दोन्ही चाकोऱ्या खचतात आणि मधला गवताळ उंचवटा तेवढा शाबूत राहतो. गेल्या दिवाळीत तिथल्याच एका दगडाला लागून आमच्या जुन्या हॅचबॅकचा चेंबर फुटला आणि सगळे ऑइल तांबड्या मातीत गेले. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की, चार मीटरच्या आतली गाडी घेताना मोठी स्क्रीन, सनरूफ आणि अलॉय चाके बाजूला ठेवून आधी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) पाहावा. २०२१ साली आलेल्या टाटा पंचचा तो १८७ मिलिमीटर होता, २०२४ च्या मारुती स्विफ्टचा १६३ आहे. पंचची डिकीही ३६६ लिटरची, तर स्विफ्टची २६५ लिटरची. हंगामात आंब्याच्या पेट्या भरताना हा फरक लगेच कळतो.

चिपळूणकर
आपले नुकसान झाले याचे वाईट वाटते, पण आपला निष्कर्ष मला पटत नाही. पाच माणसे बसली आणि डिकी भरली की मागची स्प्रिंग दबते, त्यामुळे माहितीपत्रकातली उंची प्रत्यक्षात तेवढी उरत नाही. आपण अर्धा किलोमीटरसाठी गाडी निवडत आहात. बाकीचा सगळा प्रवास महामार्गावर आणि कुंभार्ली घाटात होणार आहे. स्विफ्टच्या सर्व व्हेरिअंटमध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) आहे. पावसात वळणावर गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरते, आणि जुलैतल्या घाटात मला तिच्याइतके मोलाचे दुसरे काही वाटत नाही. ओढीचे म्हणाल तर २०२१ च्या पंचचा टॉर्क ११३ न्यूटन मीटर आणि स्विफ्टचा ११२, म्हणजे जवळजवळ सारखाच. पण पंच वजनाने जड असल्यामुळे भरल्या गाडीने चढ चढताना दुसरा गिअर लवकर टाकावा लागतो.

गुहागरकर
ईएससीचा मुद्दा मान्य, तो मी गृहीत धरला नव्हता. मात्र सुरक्षा केवळ एअरबॅग मोजून ठरवू नये. पंचला २०२१ मध्ये दोनच एअरबॅग असूनही ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते. सांगाड्याची मजबुतीही पाहायला हवी.

दापोलीकर
आपण दोघेही दोनच गाड्यांभोवती फिरत आहात. २०२३ च्या ह्युंदाई एक्स्टरची उंची १८५ मिलिमीटर, डिकी ३९१ लिटरची, सहा एअरबॅग सर्व व्हेरिअंटमध्ये, शिवाय इंजिन चार सिलिंडरचे. त्यामुळे उंची किंवा एअरबॅग, यांपैकी एकच निवडायची वेळ येत नाही. आणखी एक सांगतो. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना ओहोटीला उतार तीव्र होतो. तिथे गाडीचे पोट टेकण्याआधी पुढचा बंपर टेकतो, आणि तो वाचेल की नाही हे पुढच्या चाकाच्या पुढे गाडीचे नाक किती लांब आहे यावरही ठरते. छापील उंचीवरून ते समजत नाही.

चिपळूणकर
हे पटले. मग टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या डांबरी रस्त्यावर न घेता घरची चार माणसे बसवून त्या जांभ्याच्या वाटेवरच घ्यावी.

गुहागरकर
येत्या रविवारी तसेच करतो. उंचवट्याची उंची आज पट्टीने मोजली. सर्वांत वाईट जागी ती चाकोरीपासून १७ सेंटिमीटर भरली.