कॅडिलॅकचं नाव नेमकं कशानं गेलं? आणि नॉर्थस्टार इंजिनची गाडी घ्यावी का?

चौकस_मिशिगन:
इथे मिशिगनमध्ये कॅडिलॅकची २००२ ची डीव्हिल विकाऊ आहे. एकच मालक, ७८ हजार मैल, आतलं चामडं चकाचक, मागणी ३,२०० डॉलर. भाव इतका पडेल असल्यामुळेच शंका येते. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. एके काळी अमेरिकेत 'अमुक गोष्टीतली कॅडिलॅक' म्हटलं की त्या जातीतलं सर्वोत्तम, असा अर्थ होता. ती रया कधी आणि कशानं गेली? बहुतेक ठिकाणी १९८२ च्या सिमॅरॉन या छोट्या कॅडिलॅकवर खापर फुटलेलं दिसतं. तेवढंच कारण आहे का?
२. या डीव्हिलमध्ये कॅडिलॅकचं नॉर्थस्टार इंजिन आहे, आणि त्याचं नाव काढलं की मेकॅनिक हात जोडतात. नेमकं काय बिघडतं, आणि घेण्याआधी काय तपासायचं?

वंगणवाला:
पहिल्याचं उत्तर देतो, दुसऱ्यासाठी पाना_१३ येतीलच.

हे नाव चामड्या-क्रोमवर नाही, यंत्रकामाच्या नेमकेपणावर मोठं झालं, हे आधी लक्षात घ्या. १९०२ मध्ये हेन्री फोर्डच्या दुसऱ्या फसलेल्या कंपनीचे भागीदार गाशा गुंडाळायच्या बेतात होते. मालमत्तेचं मूल्यांकन करायला त्यांनी हेन्री लेलँडला बोलावलं. त्यानं सांगितलं, विकू नका, माझं इंजिन घ्या आणि गाड्या काढा. हा माणूस कोल्टच्या बंदुकीच्या कारखान्यात आणि ब्राउन अँड शार्पमध्ये तयार झालेला, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात विचार करणारा.

१९०८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबनं तीन एकसिलिंडरी कॅडिलॅक पूर्ण सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले, त्यातले ८९ भाग बाजूला काढून विक्रेत्याच्या साठ्यातले नवे दिले आणि फक्त पाने-स्क्रू ड्रायव्हरनं गाड्या परत जोडायला लावल्या. कानस मारायला बंदी. तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि ५०० मैल धावल्या. त्या काळी बहुतेक कारखान्यांत प्रत्येक भाग हातानं घासून त्या त्या गाडीला बसवायचे, त्यामुळे एकीचा पिस्टन दुसरीला लागेल याची खात्री नसे. या परीक्षेवर ड्यूअर ट्रॉफी मिळाली आणि 'जगाचं प्रमाण' हे ब्रीद तिथून आलं. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं कंपनी घेतली.

त्यानंतरचा क्रम झपाट्यानं सांगतो. १९१२ च्या मॉडेलवर केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर (हँडल मारताना मनगट मोडायची भीती गेली), १९१५ च्या मॉडेलला व्ही-८ (व्हीच्या आकारात आठ सिलिंडर), १९२९ च्या मॉडेलला सिंक्रोमेश गिअर (खडखडाट न करता बदलणारा), १९३० मध्ये ७.४ लिटरचं व्ही-१६. १९४९ चं ५.४ लिटर ओव्हरहेड व्हॉल्व्ह व्ही-८ तर इतकं दमदार होतं की १९५० च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतपटूच्या दोन कॅडिलॅक दहाव्या आणि अकराव्या आल्या. दहावी आलेली कूपे जवळपास शोरूममधली होती. लोकांना १९५९ च्या गाडीच्या शेपटीचे पंख आठवतात, पण बॉनेट उघडल्यावर आत खरोखर काही असायचं.

आता १९८० कडे या. सरकारी मायलेजच्या नियमांचा बडगा आणि पेट्रोलचे भाव. लागोपाठ तीन इंजिनं आली आणि तिन्ही कच्ची.

पहिलं, ओल्ड्समोबिल या जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या ब्रँडचं ५.७ लिटर डिझेल. १९८० च्या कॅडिलॅक सेव्हिलला कॅलिफोर्निया सोडून हेच मूळ इंजिन होतं, पेट्रोल मागून घ्यावं लागे. ब्लॉक जाडजूड केला, पण हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) बोल्टांची संख्या आणि जागा पेट्रोल इंजिनचीच ठेवली, कारण कारखान्यातली यंत्रं तीच वापरायची होती. कॉम्प्रेशन मात्र २२.५ ला १. बोल्ट ताणायचे, गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) जायचं, पाणी सिलिंडरमध्ये. त्यात डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा सेपरेटर दिलाच नव्हता, म्हणजे इंजेक्शन पंप गंजून जायचा तो वेगळाच.

दुसरं, १९८१ चं व्ही ८-६-४. ६ लिटरचं इंजिन, गरज नसेल तेव्हा दोन किंवा चार सिलिंडर बंद. रॉकरच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीच्या) टेकूवर ईटन कंपनीचे सोलेनॉइड (विजेचे खटके) बसवले होते. टेकू मोकळा झाला की रॉकर नुसता हलायचा आणि व्हॉल्व्ह मिटलेला राहायचा. यांत्रिक भाग बरा होता. संगणक मंद पडला. गाडी ८ वरून ६ वर जाताना गचका, परत येताना गचका, कधी चौकातच बंद. डॅशबोर्डवर किती सिलिंडर चालू आहेत ते दिसायचं, म्हणजे गचक्याचा हिशेबही समोर! विक्रेत्यांनी सोपा उपाय काढला: गिअरबॉक्सच्या तिसऱ्या गिअरच्या स्विचची एक वायर काढून टाकायची, मग आठही सिलिंडर कायमचे चालू.

तिसरं, १९८२ चं एचटी-४१००. हे सगळ्यात वाईट. ४.१ लिटर, १२५ अश्वशक्ती, आणि ओढायची गाडी पावणेदोन टनांच्या आसपास. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, हेड बिडाचे. तापल्यावर दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात, मधलं इनटेक गॅस्केट रगडलं जातं, कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंग खलास. कूलंट बदललं की सीलरच्या गोळ्या टाकायच्याच, अशी कंपनीचीच सूचना होती. जिनं सुट्या भागांच्या नेमकेपणावर नाव कमावलं, तिच्या इंजिनला गळती थांबवायच्या गोळ्या! माझ्या मते नाव गेलं ते इथे. सिमॅरॉन फार विकलीच गेली नाही. एचटी-४१०० मात्र वर्षानुवर्षं कॅडिलॅकच घेणाऱ्या घराघरात पोचलं.

जुना_पत्रा:
इंजिनांबद्दल दुमत नाही, पण सिमॅरॉनला इतक्या स्वस्तात सोडू नका.

१९२७ मध्ये कॅडिलॅकपेक्षा स्वस्त गाडी हवी होती, तेव्हा त्यांनी लासाल हे वेगळंच नाव काढलं. गिऱ्हाईक आलं, कॅडिलॅकचं नाव अस्पर्श राहिलं. १९४० पर्यंत ते चाललं. त्याच काळात पॅकार्ड हे अमेरिकेतलं जास्त खानदानी नाव होतं. मंदीत तगण्यासाठी पॅकार्डनं १९३५ मध्ये हजार डॉलरच्या आसपासची 'वन ट्वेंटी' स्वतःच्याच नावानं काढली. कंपनी तगली, पण पॅकार्ड कोणाकडे आहे याला पूर्वीचं वजन उरलं नाही. युद्धानंतर ती जागा कॅडिलॅकनं घेतली आणि १९५८ मध्ये पॅकार्ड हे नावच संपलं.

म्हणजे धडा घरासमोरच होता. तरी १९८२ च्या सिमॅरॉनसाठी जनरल मोटर्सच्याच स्वस्त ब्रँडच्या, शेव्हरोलेच्या, कॅव्हेलियरचा सांगाडा, १.८ लिटर, चार सिलिंडर, ८८ अश्वशक्ती, वर चामड्याच्या सीट, आणि किंमत १२,१३१ डॉलर, म्हणजे कॅव्हेलियरच्या जवळपास दुप्पट. शोरूममध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करा, दारं आणि काचा सारख्याच. १९८८ पर्यंत सगळ्या मिळून सुमारे १ लाख ३२ हजार विकल्या. खप कमी होता हे खरं, पण टिंगल सगळीकडे पोचली. नाव ही गोष्ट न घेणाऱ्यांच्या तोंडावरच जास्त चालते.

आणि खपाचा हव्यास त्याआधीचाच. १९७० च्या दशकाच्या शेवटी वर्षाला साडेतीन लाखांच्या वर कॅडिलॅक विकल्या जात होत्या. गल्लीत तीन-तीन दिसायला लागल्यावर कसली मिरवायची? १९७६ च्या कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन १९० अश्वशक्ती देत होतं. आकार राजाचा, जोर कारकुनाचा.

वंगणवाला:
लासालचा मुद्दा मान्य. पण स्वस्त सांगाडा हाच गुन्हा असता, तर १९७६ ची सेव्हिल पण बुडायला हवी होती. तिचं मूळ शेव्हरोले नोव्हाच्या सांगाड्यात आहे, इंजिन ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटर पेट्रोल. तरी किंमत १२,४७९ डॉलर, म्हणजे लिमोझिन सोडल्या तर त्या वर्षीच्या सगळ्या कॅडिलॅकपेक्षा महाग, आणि आकारानं सगळ्यात लहान. लोकांनी उचलून घेतली. कारण सांगाड्यावर खरंच काम केलं होतं, बेंडिक्सचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं होतं, आणि गाडी गुपचूप चालायची. सिमॅरॉनला तो वेळ दिलाच नाही.

जुना_पत्रा:
बरोबर, 'वेळ दिला नाही' इथे आपलं जमतं. आलांतेचंही तेच. १९८७ ची दोन आसनी कॅडिलॅक, बॉडी इटलीत तुरीनजवळ पिनिनफारिना या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे बनायची आणि खास बदललेल्या बोइंग ७४७ मधून डेट्रॉइटला यायची, एका खेपेला ५६. विमानावर इतका खर्च केला आणि आत इंजिन कुठलं, तर त्याच ४१०० ची सुधारलेली आवृत्ती. नॉर्थस्टार मिळालं १९९३ ला, आणि त्याच वर्षी गाडी बंद केली.

पाना_१३:
आता नॉर्थस्टार. ४.६ लिटर, ३२ व्हॉल्व्ह, संपूर्ण ॲल्युमिनियम. २००२ च्या डीव्हिलमध्ये २७५ अश्वशक्तीचं येतं, त्याच गाडीच्या डीटीएस या आवृत्तीत ३०० चं. चालवायला झकास इंजिन आहे, हे आधीच सांगतो. दुखणं एकच, पण जीवघेणं.

हेडचे बोल्ट ब्लॉकच्या ॲल्युमिनियममध्ये कापलेल्या आट्यांत बसतात, दर हेडला दहा मोठे, एकूण वीस. कूलंट वेळेवर बदललं नाही की त्यातलं गंजरोधक संपतं आणि आट्यांची झीज सुरू होते. मग आटे भुसभुशीत होतात. हेडची पकड सुटते, जळलेला वायू कूलंटमध्ये घुसतो, गाडी तापते. अशा इंजिनमध्ये बोल्ट सोडताना आट्यांचा चुरा बोल्टाबरोबरच वर येतो. कंपनीनं २००० मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये बोल्टांत सुधारणा केल्या, त्यामुळे तुमची गाडी मधल्या पिढीची. १९९० च्या दशकातल्यांपेक्षा धोका कमी, संपलेला नाही.

नुसतं गॅस्केट बदलून देतो म्हणणारा मेकॅनिक टाळा, ते वर्षभरात परत येतं. विसाच्या वीस भोकं जिग लावून मोठी करायची, त्यात टाइम-सर्टसारखे पोलादी इन्सर्ट किंवा स्टड बसवायचे, आणि मूळ बोल्ट वापरायचे असतील तर नवेच घ्यायचे, कारण ते एकदाच ताणायचे असतात. इन्सर्टचं किट गाडीच्या वर्षाप्रमाणे घ्या, आट्यांचा पिच बदललेला आहे. हे सगळं नीट करायला बहुतेक जण क्रेडलसकट (ज्या चौकटीवर इंजिन बसतं तिच्यासकट) इंजिन खाली उतरवतात. मजुरी धरून खर्च तुमच्या ३,२०० च्या वर जाईल.

तपासणी अशी करा:

गाडी पूर्ण गार असताना सर्ज टँकचं (कूलंटच्या टाकीचं) झाकण उघडा. पातळी कमी असेल तर कारण विचारा. तळाशी तपकिरी गाळ दिसला म्हणून लगेच घाबरू नका, जनरल मोटर्स (जीएम) नॉर्थस्टारमध्येही सीलरच्या गोळ्या घालायचीच. पण गाळ भरपूर असेल तर कोणीतरी वरून बाटल्या ओतल्यात.

टँकला येणारी बारीक पर्ज नळी (अडकलेली हवा बाहेर काढणारी) टँककडून काढा आणि इंजिन सुरू करा. कूलंटची धार यायला हवी. नळी तुंबली की हवा आत अडकते आणि गाडी हुबेहूब हेड गॅस्केट गेल्यासारखी तापते. नळी साफ करायला पैसे लागत नाहीत, आणि या एका कारणापायी चांगली इंजिनं भंगारात गेली आहेत. वॉटर पंपाचा वेगळा छोटा पट्टा कॅमशाफ्टवर चालतो, तोही बघा. सैल असेल तर हायवेला तापते.

मग हायवेवर निदान अर्धा तास, चढ असलेला रस्ता शोधून चालवा. गावात हळू चालवून हे दुखणं दिसत नाही, ते जोर लावल्यावरच दिसतं. स्कॅनर लावून कूलंटचं तापमान बघत राहा. सिग्नलला १०५ सेल्सिअसच्या आसपास जाऊन पंखे लागले की खाली येणं ठीक. हायवेला चढतच राहिलं तर व्यवहार सोडा.

परत आल्यावर लगेच ब्लॉक टेस्ट करा. टँकच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरायची, निळा पिवळा झाला तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय.

शेवटी गाडी वर घेऊन ब्लॉकचा वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतो ती रेघ बघा. तिथे ऑइलचा ओलावा असेल तर तीही इंजिन उतरवूनच होणारी दुरुस्ती आहे. थेंब पडत नसेल तर मी दुर्लक्ष करीन. स्टार्टर सापडला नाही म्हणून गोंधळू नका, तो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, व्हीच्या मधोमध आहे.

चौकस_मिशिगन:
दोघातिघांचे आभार. आणखी एक: २००० नंतर कंपनीनं नाव कमावलं की नाही? आणि ब्लॉक टेस्टचा निकाल संशयास्पद आला तर भाव पाडून घ्यावी का?

जुना_पत्रा:
कमावलं, पण तुकड्यातुकड्यानं. १९९८ ला फोर्डच्या लिंकननं नॅव्हिगेटर या मोठ्या एसयूव्हीच्या जोरावर कॅडिलॅकला मागे टाकलं, तेव्हा कॅडिलॅकच्या डिसेंबरच्या खपाचे आकडे ४,७७३ गाड्यांनी फुगवलेले निघाले आणि जीएमला माफी मागावी लागली. तो तळ. पुढे एस्कलेड या एसयूव्हीनं पैसा दिला, २००३ च्या सीटीएसनं मागच्या चाकांवर चालणारी आणि जर्मनीच्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर तावून सुलाखून काढलेली गाडी परत आणली. आज ६६८ अश्वशक्तीची, सहा गिअरची मॅन्युअल सीटी५-व्ही ब्लॅकविंग आहे, तिला युरोपवालेही मानतात. डीव्हिलच्या पुनर्विक्रीच्या भावाला याचा काडीचा उपयोग नाही.

पाना_१३:
संशयास्पद आली तर एक हजारातही घेऊ नका. स्वच्छ आली तर २,६०० पासून बोलणी सुरू करा आणि घेतल्याबरोबर डेक्स-कूल (जीएमचं कूलंट) बदला, आधीचं कधी बदललं याचा कागद नसेल तर नक्कीच. आणि बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या.