मदत हवी आहे : पॉवर पॉपच्या कोरसमध्ये गिटारखाली हार्मनी दबते

रत्नागिरीत वर्षानुवर्षे हार्ड रॉक वाजवल्यानंतर आम्हा चौघांचा पहिला अल्बम मिक्सिंगला आला आहे आणि तो पॉवर पॉपचा आहे: आटोपशीर गाणी, खणखणीत गिटार, तीन आवाजांची हार्मनी, बिग स्टार या अमेरिकी बँडच्या १९७२ सालच्या पहिल्या अल्बमच्या वळणाची.

कोरस, म्हणजे ध्रुवपद, सुरू होताच बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आणि वरचा आवाज २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर येतात व शब्द अस्पष्ट होतात. गिटार डावी-उजवीकडे पॅन करून पाहिली, परंतु फोनच्या मोनो (डावी-उजवी बाजू एकत्र करणाऱ्या) स्पीकरवर अडचण कायम राहते. इक्यूने (ठरावीक पट्ट्याची पातळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) तो पट्टा उतरवला, तर तारांची किणकिण जाते, आणि या गाण्यांचा प्राणच तिच्यात आहे. गायन नुसते वाढवल्यास ड्रम मागे पडतात.

ड्रम व बास पुन्हा ध्वनिमुद्रित करणे शक्य नाही. आमच्या जांभ्याच्या खोलीवर पत्रे असल्यामुळे मृगाचा पाऊस लागला की माइक बंदच ठेवावे लागतात. त्याआधी फार तर गिटार नव्याने घेता येईल.

अशा स्थितीत गायनावरून साइडचेन केलेला डायनॅमिक इक्यू (म्हणजे गायन चालू असतानाच तो पट्टा आपोआप उतरवणारा) गिटारवर लावणे पुरेसे ठरेल, की कोरसमधील भरगच्च स्ट्रमिंगऐवजी मोजक्या तारांचे सुटे स्वर वाजवून घेणेच योग्य होईल?