मदत हवी आहे: ‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्याची मुलाखत कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय: अस्थिव्यंग असलेले नोकरदार घरात आणि ऑफिसात स्वतःचं म्हणणं का गिळतात, आणि त्यात लोकांच्या नजरेचा वाटा किती.

गाइडनी डाना जॅक यांची ‘सायलेन्सिंग द सेल्फ’ (माणूस स्वतःचं म्हणणं किती दाबतो ते मोजणारी) मोजपट्टी सुचवली. १९९२ची, ३१ विधानं, ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत पाच पर्याय. मूळ काम नैराश्यातल्या बायकांवरचं, त्यामुळे बरीच विधानं जोडीदाराभोवती फिरतात. माझ्याशी बोलणारे बरेचसे अविवाहित, भाऊ-वहिनीकडे राहणारे. ‘जोडीदार’च्या जागी ‘घरचे’ घातलं तर मोजपट्टी तीच राहते का? (भाषांतर, उलट भाषांतर चालू आहे, त्यात अडलेलं नाही.)

खरी पंचाईत पुढे आहे. एक सरकारी कर्मचारी, कुबड्या वापरतात. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मत मांडायला कचरण्याबद्दलच्या प्रत्येक विधानाला ‘अजिबात पटत नाही’. रेकॉर्डर बंद केला, चहा आला, तर त्यांनी कप बाजूला सारला. म्हणाले, त्यांना वापरता येईल असं शौचालय खालच्या मजल्यावर आहे आणि लिफ्टचा भरवसा नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते पाणीसुद्धा पीत नाहीत. २०१६च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, हेही त्यांना पाठ. मग सांगत का नाही? “आधीच चार टक्क्यांतून आलोय म्हणतात. वर आणि मागण्या कुठे करू?” (चार टक्के म्हणजे सरकारी नोकरीतलं अपंगांचं आरक्षण.)

आता हे बोलणं घ्यायचं कसं? रेकॉर्डिंग नव्हतं. परत जाऊन लेखी संमती मागावी, तर ते ‘जाऊ द्या मॅडम’ म्हणणार, हे नक्की. आणि माझ्या तक्त्यात त्यांचा स्कोअर तर एकदम उत्तम दिसतोय! नुसत्या आकड्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. गाइडना मात्र आकडेच हवेत.

घरी घेतलेल्या मुलाखतींत आणखी एक: आई शेजारी बसते आणि उत्तरं तीच देते. “त्याला कुणी काही बोलत नाही हो, आम्ही जपतो.” तिला न दुखावता बाहेर कसं पाठवायचं? फील्डवर्क केलेल्यांनी युक्त्या सांगा.

आणि इथल्या अपंग सभासदांना विचारायचंय: समोर माझ्यासारखी धडधाकट मुलगी फॉर्म घेऊन बसली, तर कोणत्या प्रश्नाला तुम्ही खरं उत्तर द्याल? कोणता प्रश्न ऐकून डोकं फिरेल? व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल.